कमरेचे मणके, दुखणे आणि शरीराचा तोल

कृष्णाकाठ

नमस्कार. कमरेचे मणके फक्त भार पेलतात, की शरीराचा तोल सांभाळण्यातही त्यांचा वाटा असतो, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे. सांगली परिसरातील जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

विचारण्याचे कारण घरचेच आहे. आई ६८ वर्षांची आहे, आम्ही पलूस तालुक्यात राहतो आणि तिचे आयुष्य शेतात वाकून काम करण्यात गेले. गेल्या पावसाळ्यात तिची कंबर धरली. कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरत असे. औषधांनी ते दुखणे बरेच ओसरले, परंतु त्यानंतर तिला पायांची खात्री वाटेनाशी झाली आहे. वीज गेली की ती भिंत धरून चालते आणि बांधावरून जायला नको म्हणते. एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती (डिस्क) बाहेर आल्याचे लिहिले आहे. नातेवाइकांपैकी काहींच्या मते मणक्यात गॅप आहे म्हणून ऑपरेशन उरकून घ्यावे, काहींच्या मते पट्टा बांधावा, तर काहींना हे केवळ वय वाटते. दुखणे गेले आणि तोल मात्र परत आला नाही, असे होऊ शकते का?

भौतिकोपचार_विश्रामबाग

होऊ शकते, आणि तसे का होते हे बऱ्याच अंशी माहीत आहे.

आपण सरळ उभे असतो तेव्हा शरीराचा गुरुत्वमध्य साधारणपणे त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या तिकोनी हाडाच्या) दुसऱ्या मणक्याच्या किंचित पुढे येतो. कमरेचे पाच मणके आणि त्याखालचे एकमेकांना जुळून गेलेले त्रिकास्थीचे पाच मणके या बिंदूच्या अगदी लगत असल्यामुळे धडाची प्रत्येक हालचाल पायांकडे आणि पायांचा प्रत्येक धक्का धडाकडे याच भागातून जातो. बाळ बसू, उभे राहू आणि चालू लागते तसतसा कमरेचा आत जाणारा बाक तयार होत जातो, आणि त्या बाकामुळेच धडाचे वजन खुब्यांच्या वर येऊन कमी श्रमात उभे राहता येते.

तोलासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान, आणि स्नायू व सांध्यांमधील स्थितीची जाणीव. कण्याला चिकटून मणक्यामणक्यांवर बसलेला मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू आहे. तो मणके स्थिर ठेवतो आणि कंबर या क्षणी कोणत्या कोनात आहे ही खबरही पाठवतो. कंबर दुखू लागली की हा स्नायू दुखऱ्या बाजूला बारीक होतो. ऑस्ट्रेलियातील ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांची सोनोग्राफीने पाहणी केली होती. त्यांचे दुखणे गेले तरी हा स्नायू आपोआप पूर्ववत झाला नाही. ज्यांना त्याचा नेमका व्यायाम शिकवला त्यांचा मात्र भरून आला. औषधाने कळ थांबते, पण हरवलेली खबर औषधाने परत येत नाही, हेच मी भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) म्हणून रोज रुग्णांना सांगत असते.

दंडोबा

मला पट्ट्याने फार आराम पडला होता. प्रवासात आजही बांधतो. त्यामुळे पट्टा सरसकट वाईट ठरवू नये, अशी विनंती आहे.

भौतिकोपचार_विश्रामबाग

दंडोबा, कळ जोरात असताना किंवा खडबडीत रस्त्याच्या प्रवासात थोडा वेळ पट्टा बांधायला माझी हरकत नाही. पट्ट्यामुळे कंबर जपून हलवली जाते आणि धीर येतो. तथापि सकाळी बांधून रात्री सोडायचा, असे महिनोन्‌महिने चालले तर कंबर हलवायची भीती पक्की होते.

हळदपेठ

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करत, आणि मी आज तिथल्याच एका अडत दुकानात हिशेब पाहतो. पन्नाशी ओलांडलेला आणि कमरेची तक्रार नसलेला हमाल मला क्वचितच भेटला आहे. म्हणून माझा एक प्रश्न आहे. डॉक्टर सांगतात की कंबर हलती ठेवा. आमची माणसे दिवसभर हलतच असतात, मग त्यांच्या कमरा का जातात?

एक निरीक्षण नोंदवतो. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर पोते दिले की तो ते घेऊन थप्पीपर्यंत सहज जातो. त्या चालीत कोणी क्वचितच कण्हतो. चमक भरते ती पोते जमिनीवरून उचलताना, किंवा थप्पीच्या वरच्या थरावर पाय जागेवर ठेवून कमरेतून वळून पोते टाकताना. वडील म्हणत की पोते पाठीवर आले म्हणजे ते आपले झाले, तोवर ते परक्याचे असते.

भौतिकोपचार_विश्रामबाग

आपले निरीक्षण अगदी अचूक आहे. पाठीवरचे पोते कण्याच्या जवळ असते. पुढे वाकून उचललेले पोते कण्यापासून लांब असते. पाठीचे स्नायू मणक्याच्या केंद्राच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. समोर पन्नास सेंटिमीटरवर वीस किलो वजन धरले, तर ढोबळ हिशेबाने या स्नायूंना त्याच्या दहापट, म्हणजे दोनशे किलोइतका जोर लावावा लागतो, आणि धडाचे स्वतःचे वजन त्यात अजून धरलेलेच नाही. हा सारा दाब खालच्या दोन चकत्यांवर येतो. त्यात कंबर वळली की चकतीच्या बाहेरच्या कड्याचे निम्मे तंतू ताणले जातात आणि निम्मे सैल पडतात, म्हणून दाब तोच असला तरी इजा लवकर होते.

राहिला हलण्याचा प्रश्न. चकतीला मोठेपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या उरत नाहीत. मणक्याच्या पृष्ठभागातून झिरपणाऱ्या द्रवावरच ती जगते. दिवसभराच्या भाराने तिच्यातील पाणी कमी होते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा भरते. सकाळच्या तुलनेत संध्याकाळी माणसाची उंची एक-दोन सेंटिमीटरने कमी भरते, ती यामुळेच. भार आणि विसावा आलटून-पालटून मिळाले तर चकती टिकते. यार्डात भार असतो, विसावा नसतो. रात्रभर पाणी भरून फुगलेली चकती पहाटे वाकण्याला जास्त विरोध करते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर तरी खोल वाकणे टाळावे असे सांगितले जाते. परंतु गाडी पहाटेच आली तर हमालाने काय करावे, याचे उत्तर भौतिकोपचाराकडे नाही, ते काम लावणाऱ्यांकडे आहे.

हळदपेठ

शेवटचे वाक्य लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पोत्याचे वजन कमी करणे आणि उचलायला कमरेइतक्या उंचीचा ओटा असणे, एवढ्या दोनच गोष्टींनी किती कमरा वाचतील, हे मी येथे अनेकांना सांगत आलो आहे.

खरडछाटणी

आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. मांडवाचे उदाहरण दिले तर विषय चटकन कळेल असे वाटते. बागेतले खांब स्वतःच्या बळावर उभे राहत नाहीत. कडेच्या खांबांना बाहेरून ताण दिलेले असतात आणि ताणाचे दगड जमिनीत पुरलेले असतात. एका बाजूचा ताण सैल पडला की माल लागल्यावर पूर्ण मांडव त्या अंगाला कलतो, खांब कितीही मजबूत असला तरी. कण्याचे मणके म्हणजे खांब आणि त्याभोवतीचे स्नायू म्हणजे ताण, असे मी समजतो.

दुसरी गोष्ट बागेत काम करणाऱ्या बायकांची. विरळणीच्या आणि घड बुडवण्याच्या दिवसांत हात डोक्यावर, मान मागे आणि कंबर पुढे काढलेली, अशा अवस्थेत त्या तासन्‌तास असतात. मांडव सगळ्यांना एकाच उंचीचा. उंच बाई गुडघ्यात आणि कमरेत मुडपून उभी राहते, ठेंगणी चवड्यांवर उभी राहते. संध्याकाळी दोघींचीही कंबर दुखते, पण ठेंगणीला पोटऱ्यांचाही त्रास होतो. ओल्या ढेकळांवर चवड्यांवर उभे राहून हात वर करायचे म्हणजे तोलाची परीक्षाच असते.

भौतिकोपचार_विश्रामबाग

मांडवाचे ताण कायम ताणलेले असतात, कण्याचे ताण मात्र ऐन वेळेच्या किंचित आधी आवळावे लागतात, एवढा फरक लक्षात घ्यावा. पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवले की निरोगी माणूस हात झटकन वर उचलतो तेव्हा हाताचा स्नायू हलण्याच्या आधीच पोटाचा सर्वांत खोल स्नायू आवळला जातो. शरीराला माहीत असते की हात वर गेला की तोल ढळणार आहे. कंबरदुखी असलेल्यांमध्ये ही पूर्वतयारी उशिरा होते. आपल्या बागेतल्या ज्या बायकांची कंबर दुखते, त्यांना हात वर करताना क्षणभर झोक जातो का, हे आपण पाहिले आहे का?

खरडछाटणी

होय, जातो. त्या एका हाताने तार धरतात आणि दुसऱ्याने काम करतात. एकच हात चालत असल्याने कामाचा वेग कमी पडतो आणि मुकादम ओरडतो. यामागे असे कारण असेल हे मुकादमाला कोणी सांगितलेले नाही. आता मी सांगेन.

तालमीतला

मी वाळवा तालुक्यातला असून तरुणपणी कुस्ती केली आहे, आता मुलांना शिकवतो. कमरेच्या बळाशिवाय डाव बसत नाही हे तालमीत पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. मला काळजी वाटते ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची. पाठीमागे वाकण्याचा सराव फार झाला की काहींना पट्ट्याच्या जागी नेमके एका बाजूला दुखते. एका मुलाचे दुखणे उसण समजून चोळून काढले गेले. ते आणखी वाढले. शेवटी तपासणीत पाचव्या मणक्याच्या मागच्या अरुंद भागाला बारीक तडा गेल्याचे निघाले. वेगवान गोलंदाजांमध्येही हा प्रकार दिसतो असे आम्हाला सांगण्यात आले. मुलाला काही महिने आखाड्याबाहेर ठेवले, पोटाचे आणि मांडीच्या मागच्या शिरांचे व्यायाम दिले, आणि तो आज पुन्हा लढतो आहे. वाढत्या वयाच्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखत असेल, तर वस्तादांनी मालीश करणाऱ्याकडे न पाठवता आधी डॉक्टरांकडे पाठवावे, ही कळकळीची विनंती.

तंतुवाद्य

मिरजेत सतार आणि तानपुरा तयार करण्याच्या कामात माझे आयुष्य गेले. आम्ही जमिनीवर मांडी घालून बसतो, समोर भोपळा, हातात पटाशी, आणि मान खाली. खुबे ताठर झाले की मांडी घातल्यावर ओटीपोट मागे कलते, कमरेचा बाक नाहीसा होतो आणि पाठ गोल होते. माझ्या गुरूंनी सांगितलेला उपाय असा की घडी घातलेले जाड गोणपाट फक्त बुडाखाली घ्यावे, मांड्यांखाली नाही, म्हणजे गुडघे खुब्यांपेक्षा खाली जातात आणि कंबर आपोआप सरळ होते. एका जव्हारीचे (तारांखालची घोडी घासून सूर जुळवण्याचे) काम होईपर्यंत उठायचे नाही, असा बाणा पूर्वी होता. मी मात्र आमच्या मुलांना मधूनमधून उठवतो.

बसणे उभे राहण्यापेक्षा मणक्यांना जास्त जड असते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

भौतिकोपचार_विश्रामबाग

स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकापासून चकतीत सुई घालून दाब मोजला, आणि बसल्यावर तो वाढतो असे त्यांना आढळले. १९९९ साली जर्मनीत विल्के यांनी एका व्यक्तीच्या चकतीत दाबमापक ठेवून पुन्हा मोजणी केली, तेव्हा सैल बसलेल्या स्थितीत दाब उभ्या स्थितीपेक्षा कमीही भरला. म्हणून कोणत्याही एका आसनाला दोष देण्यापेक्षा, कोणत्याही आसनात फार वेळ अडकू नये हे सांगणे मला अधिक योग्य वाटते. गोणपाटाचा उपाय उत्तम आहे. मी तो रुग्णांना सांगणार आहे.

माळावरची

या चर्चेत बाळंतपणाचा उल्लेख झाला नाही, म्हणून लिहिते. मी जत तालुक्यातली आहे. गरोदरपणात माझी कंबर मध्यभागी दुखत नव्हती; मागे दोन्ही बाजूंना खळी पडते, तिथे दुखायचे. कुशीवर वळताना आणि पायरी चढताना एका पायावर भार आला की जीव जायचा. त्रिकास्थी आणि ओटीपोटाच्या हाडांमधला तो सांधा एरवी जेमतेम काही अंश हलतो, पण गरोदरपणात त्याचे बंध सैल होतात, असे डॉक्टरांनी समजावले. घरात मात्र सर्वांनी त्याला आळस ठरवले. बाळंतीण झाल्यावर दीड महिन्यात मी पुन्हा पाण्याच्या घागरी वाहत होते.

व्यायाम करा हे सांगणे सोपे आहे. ज्या बाईला दिवसात स्वतःसाठी पाव तास मिळत नाही, तिने तो कधी करायचा, हेही तज्ज्ञांनी सांगावे.

भौतिकोपचार_विश्रामबाग

ताई, आपला मुद्दा मान्य आहे. त्यामुळे मी वेगळा वेळ मागत नाही. भाकरी थापायच्या ओट्याशी उभे असताना एका पायावर भार घेणे, मग दुसऱ्यावर; खुर्चीवरून किंवा कट्ट्यावरून हात न टेकता उठणे; घागर भरण्याआधी श्वास सोडत पोट हलके आत ओढणे. कामाच्या आतच बसतील अशा गोष्टी असल्या तरच त्या टिकतात. मात्र घागर वाहणे घरातल्या इतरांनी वाटून घेतले पाहिजे, हा उपाय या सगळ्यांहून मोठा आहे.

वैद्यक_मिरज

मी अस्थिरोग विभागात काम करतो. मूळ प्रश्नाबाबत एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि त्याखाली केवळ मज्जातंतूंचा झुपका असतो. म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यातील चकतीमुळे मज्जारज्जू दबत नाही, एखादा मज्जातंतू दबू शकतो. पाचवा कमरेचा मज्जातंतू दबला असेल तर टाचांवर चालता येत नाही, पाऊल घसटते. त्रिकास्थीचा पहिला दबला असेल तर चवड्यांवर उभे राहता येत नाही. याने तोल जाऊ शकतो, पण तो अंधारात आणि उजेडात सारखाच जाईल. अंधारात विशेष त्रास होत असेल, तर पायांतून वर जाणारी स्थितीची जाणीव कमी झाली आहे आणि तिची उणीव डोळे भरून काढत आहेत, असा संशय घ्यावा. १९ व्या शतकातील जर्मन वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी नेमकी याचसाठी आहे: पाय जुळवून उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. अशा रुग्णांचा तोंड धुताना डोळे मिटताच झोक जातो.

कारणे अनेक असू शकतात. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्या असतात, शाकाहारी ज्येष्ठांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी असते, किंवा मानेत मज्जारज्जू दबलेला असतो आणि सगळ्यांचे लक्ष मात्र कमरेकडे असते. म्हणून केवळ एमआरआयच्या एका ओळीवर ऑपरेशन ठरवू नये. कसलीही तक्रार नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या होत्या.

त्याच वेळी काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नये. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येणे, पायातील जोर झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर थेट तातडीच्या विभागात जावे. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करावी; आपल्याकडे तो आजही दिसतो.

दंडोबा

विश्रांतीबद्दलही सांगावे. आमच्याकडे कंबर धरली की फळीवर महिनाभर निजवतात.

वैद्यक_मिरज

१९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी रुग्णांचे दोन गट करून एकाला दोन दिवसांची आणि दुसऱ्याला सात दिवसांची विश्रांती सांगितली. दुखणे दोघांचेही सारखेच बरे झाले. फक्त दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. हाड मोडलेले नसेल, तर महिनाभर निजवल्याने स्नायू जातात आणि तोलही जातो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरील प्रतिसाद वाचून आईला पुन्हा तपासून आणले. टाचांवर आणि चवड्यांवर ती आधार धरून चालू शकली, म्हणून त्या मज्जातंतूंचा जोर शाबूत आहे असे सांगितले. डोळे मिटून उभे केले तेव्हा मात्र झोक गेला, आणि पायाच्या अंगठ्यावर ठेवलेल्या कंपकाट्याची (ट्यूनिंग फोर्कची) थरथर तिला नीट जाणवली नाही. रक्तात बी-१२ बरेच कमी निघाले. साखर ठीक आहे आणि मानेतही काही आढळले नाही. इंजेक्शने सुरू झाली आहेत. ऑपरेशनची गरज नाही असे स्पष्ट सांगितल्यामुळे घरातला वाद मिटला. कमरेसाठी आणि तोलासाठी घरी काय करून घ्यावे, हे भौतिकोपचाराच्या ताईंनी सांगावे.

भौतिकोपचार_विश्रामबाग

फार चांगले झाले. म्हणजे आपल्या आईंच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली असावीत: नसांची जाणीव कमी झाली, आणि कमरेचा खोल स्नायू दुखण्यात सुस्तावला. पहिल्याकडे इंजेक्शने पाहतील.

दुसऱ्यासाठी, आईंना खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून आणि समोर जड खुर्ची ठेवून उभे करावे, म्हणजे झोक गेला तरी पडण्याची भीती राहणार नाही. आधी पाय जुळवून, मग एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे टाच-अंगठा लावून, आणि जमू लागल्यावर एका पायावर. डोळे मिटायची घाई नको, आणि मिटवले तर कोणीतरी शेजारी हवे. पलंगावर हातापायांवर ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध पाय सावकाश लांबवणे हा मल्टिफिडससाठी चांगला व्यायाम आहे. गुडघे दुखत असतील तर पालथे झोपून करावा. रोज सपाट रस्त्यावर उजेडात चालावे. रात्री उठण्याच्या वाटेवर एक लहान दिवा ठेवावा आणि मोरीत भिंतीला पक्की दांडी बसवावी. बांधावरची चाल सर्वांत शेवटी, आणि सुरुवातीला काठी घेऊनच.

सागरेश्वर

धागा वाचून एक शंका आली. माझे वडील सायकलवरून शेतात बिनतक्रार जातात, पण पायी चौकापर्यंत गेले तरी दोन ठिकाणी बसावे लागते. पाय भरून येतात म्हणतात. हेही कमरेचेच का?

वैद्यक_मिरज

शक्यता बरीच आहे. वयानुसार कमरेच्या मणक्यांमधील पोकळी अरुंद झाली की सरळ चालताना ती आणखी आवळते आणि पुढे वाकल्यावर मोकळी होते. सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो, म्हणून त्रास होत नाही. मात्र पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी असेच पाय भरतात, आणि तंबाखू ओढणाऱ्यांत ते जास्त आढळते. फरक असा की रक्तवाहिन्यांचे दुखणे नुसते उभे राहिल्यानेही थांबते, आणि सायकलवरही होते. मणक्याच्या दुखण्यात बसावे किंवा वाकावे लागते. वडिलांच्या दोन्ही पावलांच्या नाड्या आधी तपासून घ्या आणि त्यानंतर कमरेच्या एमआरआयचा विचार करा.